मर्यादवेलीच्या काठाकाठाने : तोंडवळी ते शिरोडा

पहिला दिवस, द्वादशी : तोंडवळी

आत्या कॉलेजातून निवृत्त झाली त्याला आठ वर्षं झाली, पण वनस्पतीशास्त्र शिकवायची तिची खोड काही गेलेली नाही. या वेळी तिची अट एकच होती. किल्ला नाही, स्कूबा नाही, खरेदी नाही. चार दिवस फक्त पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर हिंडायचं आणि भरतीच्या रेघेवर काय उगवतं ते बघायचं. हे ऐकल्यावर घरातलं दुसरं कुणी यायला तयार होईना, म्हणून आम्ही दोघीच निघालो. माघातली पौर्णिमा चौथ्या दिवशी येईल असा बेत तिनेच पंचांग बघून आखला. रेल्वेने कुडाळ, तिथून मालवण, मालवणहून रिक्षाने तोंडवळी. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

तोंडवळी-तळाशील ही जागाच गमतीशीर आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर माड, घरं, होड्या, जाळी, सगळं. उतरलो ते घर समुद्रापासून शंभर पावलांवर. बॅगा टाकून पुळणीवर पोचेपर्यंत दहा वाजले होते. भरती नुकतीच उलटली होती आणि वाळूवर तिची रेघ ओली होती.

म्हणजे एक रेघ नव्हती, तीन होत्या. खालची आजची. तिच्या वर चार-पाच पावलांवर वाळलेली, मागच्या अमावास्येच्या उधाणाची. आणि त्याहून वर, वाळूत अर्धी गाडलेली, बहुधा पावसाळ्याच्या शेवटाची. आत्या मधल्या रेघेपाशी फतकल मारून बसली आणि हाताने उचकू लागली. काळं पडलेलं सार्गासम शेवाळ, समुद्रफेसाचे, म्हणजे माकूळाच्या हाडाचे, पांढरे तुकडे, सुरूची बोंडं, नारळाची सोडणं, उंडीची गोल फळं, नायलॉनची दोरी, औषधाच्या बाटल्या आणि चपला. चपला किती असाव्यात? पन्नास पावलांत अकरा मोजल्या, त्यातल्या सात डाव्या पायाच्या.

"याला कचरा म्हणू नकोस," आत्या म्हणाली. "प्लास्टिक वगळलंस तर हे इथलं शेणखत आहे."

शेवाळाचा एक थर तिने उचलला. वरून खडखडीत, खालून ओलसर आणि कुबट. उन्हाने तापलेल्या वाळूत ओल धरणारी आणि कुजून नत्र देणारी जागा हीच. त्याच ओलीत एक रोप उभं होतं, करंगळीएवढं. दोनच पानं, आणि प्रत्येक पान मधोमध खोल चिरलेलं, फुलपाखराने पंख पसरावेत तसं. ती मर्यादवेलीची, वाळूवर पसरणाऱ्या वेलीची, बीजपत्रं, म्हणजे बीतून निघणारी पहिली पानं. वेल वाढली की पुढची पानं जाड येतात आणि चीर उथळ होत होत बकरीच्या खुरासारखा आकार येतो. शास्त्रीय नावातही तो खूर आहेच, आयपोमिया पेस-काप्री, म्हणजे बकरीचा पाय.

"ही पौर्णिमेपर्यंतची पाहुणी," आत्या त्या रोपाकडे बघून म्हणाली. रेघेच्या अलीकडे उगवलं तर खत कमी, पलीकडे उगवलं तर पुढचं उधाण उपटून नेणार. रेघेवरच्या प्रत्येक रोपाचा हा जुगार.

जुगार जिंकलेली वेल दहा पावलं वर पसरली होती. जाड जांभळट दोर, त्यावर चकचकीत पानं, आणि अजून न मिटलेली गुलाबी-जांभळी फुलं. एक दोर मी शेंड्यापासून मुळाकडे पावलांनी मोजत गेले. तेवीस पावलांनंतर तो दुसऱ्या दोरांत गुंतला आणि मी हरले. दर वीतभर अंतरावर पेर आणि बहुतेक पेरांना मुळं. एका पेराजवळची वाळू आत्याने बोटांनी बाजूला सारली. वरची चार बोटं वाळू हाताला चटका देणारी, त्याखालची कोमट, आणि कोपरभर खाली गार आणि ओली. मूळ त्याच्याही खाली गेलेलं होतं. पाहून झाल्यावर खड्डा बुजवायला तिने मला लावलं. देठाच्या टोकाशी, पान सुरू होतं तिथे, दोन बारीक ग्रंथी असतात. भिंगातून त्यांच्यावर चिकट थेंब दिसला आणि त्या थेंबावर तोंड लावून बसलेली मुंगी. वेल मुंग्यांना गोड चारते आणि त्या बदल्यात मुंग्या पानं कुरतडणाऱ्या किड्यांना फिरकू देत नाहीत.

आमची ही खुडबूड घरमालक लांबून बघत होते. शेवटी आलेच.

"काय हरवला काय तुमचा?"

"नाही हो काका, वेल बघतोय."

"वेल? तेच्यात काय बघूचा? बकरी पन तोंड लावणा नाय तेका." मग जरा थांबून म्हणाले, "पन काढूचो नाय हां. जंय वेल आसा थंयसर दर्याची हद्द. वेल गेलो की आमची झोप गेली."

पाच-सहा वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीत कुणीतरी पुळण 'साफ' करायला यंत्र लावलं होतं म्हणे. वेल, गवत, उंचवटे सगळं सपाट. पुढच्या पावसाळ्यात तिथलेच दोन माड गेले. एवढं सांगून काका घावणे तयार असल्याची वर्दी देऊन निघून गेले. घावण्यांसोबत काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. आत्याने चार घावणे खाल्ले, जे तिने घरी कबूल केलेलं नाही.

*भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. वद्य पक्षातही हाच हिशोब, पुन्हा एकपासून. पाव-अर्धा तास इकडेतिकडे होतो. फुलं बघायची तर सकाळी जा, दुपारी ती मिटतात आणि पानंही पुस्तक मिटल्यासारखी मधोमध उभी दुमडलेली असतात.*

दुसरा दिवस, त्रयोदशी : देवबाग

देवबागेने थोडी निराशाच केली. तारकर्लीपासून पुढे कर्ली नदीच्या मुखापर्यंत जाणारी ही पट्टीसुद्धा तोंडवळीसारखीच, पण इथे पर्यटन जोरात. मोटारबोटी, जेट स्की, नदीतल्या वाळूच्या बेटाला दिलेलं 'त्सुनामी आयलंड' हे नाव. समुद्राच्या बाजूला बऱ्याच लांबीपर्यंत काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा आहे. घरं वाचवायची तर लोकांनी दुसरं काय करायचं, हे मला समजतं. पण बंधाऱ्यापुढे चालत गेलं की एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते : भरतीची रेघच नाही. लाट थेट दगडावर आपटते, शेवाळ दगडांच्या फटीत अडकून सडतं, आणि बी रुजायला उतारावरची ती हातभर वाळू शिल्लक नाही.

आत्याने बंधाऱ्यावर बसून मला पुळणीचं वर्षचक्र समजावलं. जूनमध्ये मोठ्या लाटा वाळू ओढून समुद्रात नेतात, पुळण खचते, वेलीचे पुढचे दोर उघडे पडून तुटतात. ऑक्टोबरनंतर लाटा शांत होतात आणि तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. मग वेल पुन्हा पुढे सरकते. वाऱ्याने उडालेली वाळू तिच्या पानांत अडते, वेल गाडली जाते, गाडली की पुन्हा वर येते, आणि तिच्या पायाखाली उंचवटा तयार होतो. पुढच्या जूनला समुद्राला खायला घालायची शिल्लक ती हीच. दगडाला अशी देवघेव करता येत नाही. तो एका जागी उभा राहतो आणि त्याच्या पायथ्याची वाळू जाते.

कायद्याच्या कागदावर भरतीरेषेला फार मान आहे. किनाऱ्यावरच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या पट्ट्याचे, म्हणजे सीआरझेडचे, ५०० मीटर तिच्यापासूनच जमिनीकडे मोजतात, आणि २०१९ च्या अधिसूचनेत वाळूचे उंचवटे आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील वर्गात धरल्या आहेत. प्रत्यक्षात आम्ही गेलो त्या दिवशी एका तंबूवाल्याचा माणूस वेलीवर फावडं चालवत होता. कशाला काढतोस म्हणून विचारलं तर म्हणाला, "फोटोत घाण दिसतं."

संध्याकाळ मात्र वसूल झाली. बंधारा संपतो तिथल्या कचऱ्यात आत्याला एक सागरगोटा सापडला. राखाडी, गुळगुळीत, ठोकला तर दगडासारखा. लहानपणी चाळीच्या जिन्यात तासन्‌तास सागरगोटे खेळलेली मी; पण त्या शब्दातला 'सागर' मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. या बियांचं कवच पाणी आत घेत नाही, आत पोकळी असते, आणि त्या महिनोन्‌महिने तरंगतात. तिकडे अटलांटिकमध्ये हेच बी वाहत वाहत पार स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागतं आणि तिथले लोक पूर्वी ते ताईत म्हणून बाळगायचे. आम्ही एक सागरगोटा आणि चार शिंपले घेऊन बंधाऱ्यावरच डाव मांडला. अडुसष्ट वर्षांच्या बाईने मला पंजीत हरवलं.

रात्री जेवायला बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिकलं आणि भात. त्याबद्दल जास्त लिहिलं तर हा लेख वेगळ्या वाटेला जाईल.

तिसरा दिवस, चतुर्दशी : वायंगणी आणि सागरेश्वर

वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला आम्ही पहाटे साडेपाचला पोचलो, कारण आदल्या दिवशी फोनवर कळलं होतं की एका घरट्यातली पिल्लं कधीही बाहेर येतील. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री पाण्यातून येते, सरपटत भरतीची रेघ ओलांडते आणि कोरड्या वाळूत खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते. रेघेच्या खाली घातली तर अंडी बुडतील, फार वर गेली तर पिल्लांना पाणी लांब पडेल. म्हणजे पुन्हा हीच पट्टी. गावातली मुलं आणि वनखात्याची माणसं ती अंडी कुंपणातल्या खड्ड्यांत हलवून राखतात.

राखणीवरच्या मुलाला आत्याने विचारलं की कुंपणाच्या आत वेल का नाही. मला वाटलं होतं तो काहीतरी मोघम बोलेल. तो म्हणाला, "मुळां अंड्यात शिरतत, बाई." वेलीची आणि इतर झाडांची मुळं ओल शोधत घरट्यात घुसतात, अंड्यांभोवती जाळं करतात, कधी कवच फोडतात. म्हणून कुंपणापुरती वेल काढायची, बाहेरची ठेवायची. बाहेर वेलीने उंचवटा धरला नाही तर घरट्यासाठी वाळूच उरणार नाही, हेही त्यानेच सांगितलं. दोन दिवस मी मर्यादवेलीची नुसती आरती ओवाळत होते. तिचाही त्रास कुणाला तरी होतो, हे ऐकून ती जरा जास्त खरी वाटू लागली.

पिल्लं त्या दिवशी आली नाहीत. साडेसातपर्यंत वाट बघितली, पेलाभर काळा चहा मिळाला, आणि आम्ही उठलो.

दुपारी सागरेश्वर. शंकराचं छोटं देऊळ, मागे सुरूचं बन, पुढे लांबलचक पुळण. इथे पहिल्यांदा ते गवत नीट भेटलं. नीट म्हणजे पोटरीला टोचून. स्पिनिफेक्स लिटोरियस. राखाडी-हिरवी, कडक, सुईसारखी पानं झुबक्या-झुबक्यांनी उभी. तमिळ लोक याला रावणाच्या मिशा म्हणतात, आणि एकदा टोचलं की नावाबद्दल तक्रार राहत नाही. याची नर आणि मादी झाडं वेगळी. मादीचा कणसांचा गुच्छ काटेरी चेंडूसारखा, वाळला की देठापासून सुटतो आणि वाऱ्यावर पुळणीभर पळतो. पळता पळता बिया सांडतो. आम्ही उभ्या असताना वाऱ्याची एक झुळूक आली आणि तीन चेंडू एकामागोमाग रेघेवरून टुणटुणत गेले. देवळापाशी खेळणारा एक पोरगा त्यातल्या एकाच्या मागे लागला, पायाने मारायला गेला आणि "आये!" करून एका पायावर नाचला.

प्रत्येक झुबक्याच्या वाऱ्याच्या आडोशाला वाळूचं शेपूट होतं, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं. त्या शेपटांमध्ये खालचं जग : लव्हाळ्याच्या घरातलं बुटकं सायपेरस, वाळूखालून सुतासारखं सरळ रेषेत डोकी वर काढणारं, पाथरीच्या कुळातली लोनिया, तिची पिवळी फुलं वाळूला चिकटून, आणि अबईच्या नात्यातली कॅनाव्हॅलिया, गुलाबी फुलांची, जाड शेंगांची. त्याच्या मागे झुडपांची रांग. त्या रांगेतलं एक झुडूप बघून मी थबकले. हे तर आमच्या सोसायटीचं कुंपण!

"कोयनेल," आत्या हसत म्हणाली. "तुझ्या पुण्यातल्या माळ्याने कातरून कातरून चौकोनी केलेलं. त्याचं माहेर हे."

खाऱ्या वाऱ्याने त्याला इथेही कातरलं होतंच, फक्त तिरकं. समुद्राकडची फांदी आखूड, जमिनीकडची लांब. त्याच्या मागे केवडा, मग उंडी, मग माड. समुद्राकडून चालत गेलं तर साठेक पावलांत हे सगळं संपतं. प्रत्येकाला मीठ किती सोसवतं त्याप्रमाणे रांग लागलेली.

सुरू या रांगेत बसत नाही. दिसायला छान, सावली गार, वाऱ्यात सूं सूं आवाज. पण ते इथलं झाड नव्हे. पश्चिम किनाऱ्यावर कारवारला १८६८ मध्ये लावलं आणि मग सगळीकडे पसरवलं. बनाच्या आत शिरून बघा : खाली सुयांसारख्या काड्यांची जाड गादी आणि तिच्यातून एकही वेल वर आलेली नाही. माझं आणि आत्याचं इथे भांडण झालं. माझं म्हणणं, वारा तर अडवतं ना? तिचं म्हणणं, वारा अडवेल, पण पुढच्या रांगेतल्या वेलींची जागा घेतली तर वाळू कोण धरणार? निकाल लागला नाही. डबा मात्र आम्ही सुरूच्या सावलीतच खाल्ला.

*रावणाच्या मिशांच्या भागात लांब आणि जाड पँट घाला, सलवार टरकते. दहापट भिंग जवळ ठेवा. वाळूच्या उंचवट्यांवरून चढउतर करू नका. लोकांची पायवाट पडते तिथली वेल मरते आणि त्याच खाचेतून पावसाळ्यात पाणी आत येतं.*

चौथा दिवस, पौर्णिमा : शिरोडा

आरवलीला वेतोबाचं दर्शन घेतलं. वेतोबाला केळी आणि चामड्याच्या मोठमोठ्या चपला वाहतात; रात्री गावात फिरून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा. चपलांचा विषय दुपारी पुन्हा निघणार होता, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. आम्ही मात्र वेळागरच्या पुळणीवर गेलो, मिठालाच न जुमानणारी झाडं बघायला. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अकराला आम्ही पोचलो तेव्हा पाणी बरंच वर होतं. कालची रेघ दिसत होती, तिच्या वर दोन हात कोरडी वाळू, मग वेलीचे शेंडे. मी चपला त्या कोरड्या वाळूत काढल्या. आत्याने तिच्या वर, वेलीच्या आत नेऊन ठेवल्या. मला इशारा तिने दिला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

जाळं सुकवणारी एक बाई लांबून ओरडली, "बाये, चपला वर ठेय गो! आज उधान आसा!"

मी हात हलवला आणि भिंगातून शेंगा बघत राहिले. मर्यादवेलीच्या बोंडात चार बिया असतात, तपकिरी मखमलीसारखी लव असलेल्या. ती लव आणि आतली हवा यांनी त्या तरंगतात. मी चौथी बी तळहातावर घेतली आणि पायाला गार लागलं. एक लाट, फार मोठी नव्हे, नुसती लांब. कालची रेघ ओलांडून, कोरडी वाळू ओलांडून, वेलीच्या पहिल्या शेंड्यापर्यंत आली, त्याला शिवली आणि मागे फिरली. दोन पानं ओली झाली. तिसरं कोरडं. माझी एक चप्पल जागेवर, दुसरी फेसात.

धावले, पण लाट माझ्यापेक्षा जलद होती. चप्पल दोन वेळा दिसली, मग नाही. बाई हसत हसत आली, एका चपलेकडे बघून म्हणाली, "वेल दिसणा नाय काय तुका?" आणि आपल्या जुन्या स्लिपर मला देऊन गेली. पैसे घेतले नाहीत. आत्याने माझी उरलेली चप्पल उचलून बघितली. उजवी होती. म्हणजे तोंडवळीत सातच्या आठ झाल्या तर आश्चर्य नको.

संध्याकाळी सावंतवाडी रोडवरून गाडी पकडली.

परत आल्यावर

त्या चार बिया माझ्या मुठीतच राहिल्या होत्या. बाटलीभर समुद्राचं पाणी आत्याने आणलंच होतं. ओट्यावर काचेच्या पेल्यात बिया टाकल्या, चारही तरंगल्या. दुसऱ्या दिवशी तिने एक बी काढून सहाणेवर कड घासली आणि कुंडीतल्या वाळूत पुरून गोडं पाणी घातलं. पुळणीवर हे काम वाळू करते : लाटेने बी घासत घासत न्यायची, कवच झिजवायचं, मग कुठेतरी शेवाळाखाली थांबू द्यायचं.

सहाव्या दिवशी सकाळी फोन आला. "अगं, पंख उघडले," आत्या म्हणाली.

पेल्यातल्या तिघी आज सतरावा दिवस तरंगत आहेत. पाणी थोडं कमी झालंय, काचेवर मिठाची पांढरी रेघ धरली आहे. घरातल्यांनी दोनदा तो पेला घासायला टाकला होता. आता त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे.